तांड्यावरच्या टेपाची पोर्तुगीज शिकवणी

मी एक जुना टेप आहे, मित्रांनो. कंपनीने माझ्या कपाळावर मोठ्या रुबाबात ‘टू-इन-वन’ असं छापलं होतं. रेडिओही मीच आणि कॅसेट वाजवणाराही मीच. पण आमच्या हिंगोली जिल्ह्यात एवढं लांबलचक नाव घ्यायला वेळ कुणाला आहे? ‘टेप लाव’, ‘टेप बंद कर’, ‘टेपावर वल्ली चोळी काहून वाळत घातली?’ अशी माझी ओळख. माझ्यासारखे टेप घरोघर होते. माझ्यात वेगळं म्हणाल तर एकच गोष्ट आहे. मी पोर्तुगीज शिकलेला आहे. हसू नका. आधी ऐकून घ्या.

माझा जन्म दूर उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या बायकांनी माझ्या तारा जोडल्या, मला रबरी पट्टा नेसवला आणि थर्माकोलच्या गादीवर निजवलं. तिथून मी आलो नांदेडच्या एका दुकानात, काचेच्या कपाटात. तिथे मला लालसिंगने पाहिलं. लालसिंग हा डोंगरकड्याजवळच्या तांड्यावरचा शेतकरी. त्याच्या बहिणीचं लग्न होतं आणि वाजंत्रीवाले ऐनवेळी दगा देतात असा त्याचा अनुभव होता. त्याने मला आपल्या फेट्यात गुंडाळलं, एस.टी.त मांडीवर बसवलं आणि कंडक्टरलासुद्धा हात लावू दिला नाही.

तांड्यावर पहिली काही वर्षं मी राजासारखी काढली. लग्न माझ्याशिवाय लागत नसे. माझ्यावर क्रोशाचं झाकण होतं. लालसिंगची बायको मिराबाई, अंगावर कवड्यांची आणि आरशांची काचळी, हातात बांगड्यांचा ढीग, ती मला रोज पुसायची आणि पुसताना बजावायची, "जास्त वरडू नको, म्हशी बुजतात." घरात ते सगळे गोरमाटी बोलत, आपल्या बंजाऱ्यांची बोली. तुम्हाला समजावं म्हणून मी मराठीत सांगतोय.

आता पोर्तुगीज कुठून आलं ते सांगतो. लालसिंगचा धाकटा भाऊ वसराम ट्रक चालवायचा. कधी हळद, कधी तूरडाळ भरून तो गोव्यापर्यंत जायचा आणि येताना नारळ आणायचा. १९९३च्या हिवाळ्यात त्याने नारळाबरोबर एक खोकंभर जुन्या कॅसेटी आणल्या. मडगावला रस्त्याच्या कडेला कुणीतरी घर आवरून विकायला काढल्या होत्या. "भोजाई, बघ, गोव्याची गाणी!" असं वहिनीला, मिराबाईला, म्हणत त्याने पहिली कॅसेट माझ्या पोटात घातली आणि बटण दाबलं. अंगणात सगळा तांडा गोळा झालेला.

माझ्यातून एका पुरुषाचा आवाज आला. "बों दिया." मग थोडी शांतता. मग पुन्हा, "बों दिया."

लोक थांबले. गाणं काही सुरू होईना. तो माणूस आपला एकेक वाक्य म्हणायचा आणि समोरच्याने म्हणावं म्हणून जागा सोडायचा.

"कव्हा गानार हा?" मिराबाईने विचारलं.

"घसा साफ करून राहिला," वसराम म्हणाला.

लालसिंगने माझ्या डोक्यावर हात ठेवून पाहिला. "टेपाला ताप आलाय. नाकातून बोलतोय."

लोक हसत हसत पांगले. राहिली एकटी निलम. लालसिंगची पोरगी, तेव्हा अकराएक वर्षांची, दोन वेण्या, गुडघ्यावर खरचटलेलं. त्या माणसाने जागा सोडली की ती हळूच म्हणायची, "बों दिया." दुसऱ्या दिवशी ती शेळ्यांना म्हणाली, "बों दिया." म्हणजे ‘सुप्रभात’, पण ते आम्हाला पुढे कळलं. शेळ्यांनी काही हरकत घेतली नाही. झालं, शिकवणी सुरू!

खोक्याच्या तळाशी त्या कॅसेटींचं पुस्तक होतं, पण ते इंग्रजीतून पोर्तुगीज शिकवणारं. निलमला इंग्रजीही येत नव्हतं. डोंगरकड्याच्या शाळेतले माणिकराव गुरुजी म्हणाले, "अगं, लोक एक जिना चढायला दमतात, तू दोन जिने एकदम चढायला निघालीस." तरी त्यांनी स्वतःचा इंग्रजी शब्दकोश आणि पाठपुठ्ठा निसटलेला नकाशांचा संग्रह तिला दिला. पुढे निलमचं इंग्रजी सगळ्या तांड्यात चांगलं निघालं. लोक म्हणायचे, शाळेचा गुण. खरं तर ते पोर्तुगीजच्या मागोमाग आलेलं होतं, जसं म्हशीच्या मागून रेडकू येतं.

त्या नकाशांतून निलमला कळलं की ही भाषा एकट्या पोर्तुगालची नाही. समुद्रापल्याड ब्राझीलात ती बोलतात, आफ्रिकेत अंगोला आणि मोझांबिकमध्ये बोलतात, पार पूर्वेकडच्या मकाव आणि तिमोरमध्ये बोलतात, आणि आपल्या गोव्यातही जुनी माणसं बोलतात. एवढी नावं लक्षात कशी ठेवायची? तिने ती शेळ्यांना देऊन टाकली. बोकड पोर्तुगाल. सगळ्यांत धिप्पाड शेळी ब्राझील. मग अंगोला, मोझांबिक, मकाव. संध्याकाळी मिराबाई बांधावर उभी राहून हाका मारायची, "अंगोलाss! ब्राझील कुठं उलथली गं? मोझांबिक माझ्या तुरीत शिरली!" भूगोल असा पाठ झालेला मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

१९९९च्या डिसेंबरात लालसिंगने मकावला आखाडा बाळापूरच्या बाजारात विकलं. त्याच महिन्यात खरं मकावही पोर्तुगालच्या हातून चीनकडे गेलं. निलमने ती बातमी माझ्याच रेडिओवर ऐकली आणि पोट धरून हसली. लालसिंगला काही कळेना. तो म्हणाला, "चीनला न्हाई गं, कळमनुरीच्या खाटकाला दिली." मग मात्र ती हसायची थांबली.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल पोरीचा हा नुसता छंद होता. तसं नव्हतं. ती जे वाचायची ते घरात बोलायची, आणि घरचे तिच्याशी वाद घालायचे. एकदा मिराबाई उखळात मिरच्या कुटत होती.

"याडी," निलम म्हणाली. याडी म्हणजे आई. "ही मिरची आपली न्हाई. अमेरिकेतली. पोर्तुगीजांच्या जहाजातून गोव्याला आली."

मिराबाईचं मुसळ हवेतच राहिलं. "मंग त्याच्या आधी लोक काय खायचे?"

"मिरे."

"मिऱ्याचा ठेचा?"

"असंल."

"अरे देवा," मिराबाई म्हणाली आणि त्या पूर्वजांबद्दल तिने मनापासून हळहळ व्यक्त केली.

"बटाटा पण तिकडूनच. पेरू, काजू, भुईमूग... आणि बापू, तुमची तंबाखू."

लालसिंगने तळहातावरच्या चिमटीकडे पाहिलं. "तंबाखू पण? मंग लई भले लोक व्हते ते."

"भले न्हाई, बापू. अंगोल्यातून माणसं साखळीला बांधून जहाजात कोंबली आन् ब्राझीलला नेली. उसाच्या फडात राबायला. कैक वाटंतच मेली."

लालसिंग तीन हंगाम ऊसतोडीला जाऊन आलेला माणूस. त्याने तंबाखू तोंडात टाकली नाही. बराच वेळ तशीच मळत बसला. मग म्हणाला, "त्यांची गाणी हायेत का गं? त्या ब्राझीलवाल्यांची?" खोक्यात एक कॅसेट होती, ढोल आणि बायकांचे आवाज असलेली. निलमने ती लावली. लालसिंगने डोळे मिटून ऐकली आणि मान डोलावली. तेव्हापासून त्याने तिच्या अभ्यासाला ‘नाकातलं बोलणं’ म्हणणं सोडून दिलं.

निलम हिंगोलीला कॉलेजात गेली आणि इतिहास घेऊन बी.ए. झाली. मी मात्र म्हातारा होत चाललो होतो. माझा रबरी पट्टा सैल झाला होता आणि त्यामुळे माझी चाल मंदावली होती. त्यात एक गंमत झाली. माझ्यावर भरलेली कॅसेट माझ्यावर वाजवली तर बरोबर वाटायची, दुसऱ्या कुठल्या टेपावर वाजवली तर माणूस उंदरासारखा बोलायचा.

त्या काळात आमच्याकडे एकच वारं होतं, डी.एड. पोरगं असो की पोरगी, बारावी झाली, बी.ए. झाली की डी.एड. करायचं आणि झेडपीच्या शाळेत चिकटायचं. लालसिंगचंही तेच ठरलेलं. अशात वसरामने आणलेल्या नारळांच्या खोक्यात तळाशी गोव्याचं वर्तमानपत्र अंथरलेलं निघालं. निलम कुठलाही कागद वाचल्याशिवाय चुलीत घालत नसे. त्यात एका संस्थेची जाहिरात होती : पोर्तुगीज भाषा आणि ती बोलणाऱ्या देशांचा इतिहास व संस्कृती, दोन वर्षांचा अभ्यासक्रम, वसतिगृह आणि शिष्यवृत्ती. मुलाखतीला येताना स्वतःच्या आवाजात पोर्तुगीज बोललेली कॅसेट आणावी, कॅसेट फाईलला लागेल.

घरात दोन दिवस वाद चालला. शेवटी लालसिंगने निकाल दिला. "एक बारी जा. घेतलं तर घेतलं. न्हाई घेतलं तर डी.एड., आन् पुन्हा गोव्याचं नाव काढायचं न्हाई. कबूल?"

"कबूल," निलम म्हणाली.

"म्या संग जानार," मिराबाई म्हणाली. तिला ही गोष्ट मुळीच पसंत नव्हती. "नखाएवढी पोरगी, समुद्राच्या काठाला. तिथं काय हाय? मासे. पोर्तुगीज शिकून काय माशांशी बोलायचं?"

निलमने मग माझ्यासमोर बसून आपलं भाषण भरलं. दहादा पुसलं, दहादा भरलं. शेवटी मनासारखं झालं. आता कॅसेटच्या पाठीवर प्लास्टिकची बारीक पट्टी असते, ती मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. माझ्या आत एक छोटी जीभ आहे. तिला ती पट्टी लागली तरच लाल बटण दाबलं जातं. निलमने हेअरपिनने दोन्ही पट्ट्या मोडल्या, कॅसेट माझ्या पोटातच ठेवली, मला टॉवेलात गुंडाळलं आणि मार्कशीट आणायला हिंगोलीला गेली. मैत्रिणीकडे, पुनमकडे, तिचा मुक्काम होता.

होळी जवळ आली होती. होळीच्या आधी बरेच दिवस आमच्या तांड्यावर लेंगी रंगते. बाया-माणसं फेर धरून गातात, डफ घुमतो, एकमेकांची टिंगल होते. वसरामला ही गाणी ट्रकात ऐकायला हवी होती. संध्याकाळी त्याने मला टॉवेलातून बाहेर काढलं आणि आत काय आहे ते पाहायला बटण दाबलं. निलमचा आवाज आला, ठसक्यात, श-श करत, नाकातून गुंजत.

वसरामचा चेहरा पडला. "फीत खराब झाली हो. ऐका, कसं शिजल्यावानी करतंय. पोरीचा आवाज बघा कसा चेपला."

त्याने माझं हेड स्पिरीटने पुसलं आणि पुन्हा लावलं. पुन्हा तेच. मित्रांनो, इथे मी जरा थांबतो. वसराम वाईट माणूस नव्हता, पुतणीवर जीव टाकायचा. सदा ट्रकावर असल्याने निलमचं पोर्तुगीज त्याच्या कानावर फारसं पडलेलं नव्हतं, आणि मुलाखतीला कॅसेट लागते हे त्याला ठाऊकच नव्हतं. पण जे आपल्याला कळत नाही ते बिघडलेलंच असणार, असं त्याला वाटलं. तुम्हालाही कधीतरी असं वाटेल, तेव्हा त्याची आठवण ठेवा.

"फेकायच्या लायकीची हाय, तर निदान लेंगी तरी भरू," तो म्हणाला. लाल बटण दाबेना. "पट्टी मोडलीय वाटतं. भोजाई, जराशी कणीक दे!"

मिराबाई पोळ्यांची कणीक मळत होती. कशाला हवा ते न विचारता तिने सुपारीएवढा गोळा दिला. वसरामने तो दोन्ही भोकांत चेपून बसवला. माझ्या जिभेला कणीक लागली, जीभ दबली, लाल बटण खाली गेलं. यंत्राला जीभ असून बोलता येत नाही, एवढंच मी म्हणतो.

मग डफ वाजला. बायकांनी मिराबाईला पुढे ढकललं. पोरीच्या जाण्याने तिचं डोकं भणाणलेलं होतं, पण लेंगीत ती सगळं विसरायची. तिने जे गाणं घेतलं ते तिच्या आजीने तिला शिकवलेलं. तिच्या गळ्याने माझा आवाज मोजणारा काटा पार लाल रेघेपर्यंत गेला. दोन्ही बाजू भरल्या. वसराम कॅसेट काढणार होता, पण म्हणाला, "राहू दे आतच. टेप तर माझ्याच ट्रकातून गोव्याला चाललाय. वाटंनं ऐकू." आणि मला पुन्हा टॉवेलात गुंडाळून ठेवलं.

निलम परत आली. टेप जागेवर, कॅसेट पोटात. तिने माझ्यात नवे कोरे सेल घातले आणि मला पिशवीत भरलं. मी सोबत हवाच होतो. दुसऱ्या टेपावर ती उंदीर झाली असती ना!

ट्रकात तूरडाळीची पोती होती. पुढे वसराम, मध्ये निलम, खिडकीशी मिराबाई कवड्या सावरत, आणि निलमच्या मांडीवर मी. घाट लागला तसं वसरामला गाण्याची आठवण झाली.

"लाव की गं टेप जरासा."

"न्हाई काका. सेल मुलाखतीला राखलेत."

"एकच गाणं."

"न्हाई म्हणले ना."

"अगं पर आतमंदी..."

"काका, तुमी रस्त्याकडं बघा!" दोघी एकदम ओरडल्या, कारण समोर वळण होतं आणि वळणावर बस. वसरामने ब्रेक लावला, तीन शिव्या हासडल्या आणि गाण्याचं विसरून गेला. मी टॉवेलात तळमळत होतो. पोरी, एकदा लाव गं मला. एकदाच लाव.

संस्था पणजीत एका जुन्या पिवळ्या इमारतीत होती. बाहेरच्या बाकावर मुलं बसली होती, बहुतेक गोव्याची, काही मुंबईची. मिराबाई आत आली तेव्हा सगळ्या माना वळल्या. आरसे चमकत होते, कवड्या वाजत होत्या. तिने सगळ्यांकडे उलट टक लावून पाहिलं, तशा माना पुन्हा जागेवर गेल्या.

निलमचं नाव पुकारलं. आत मोठ्या टेबलामागे दोघं होती. एक कुतिन्यो बाई, पांढरे केस, गळ्यात बारीक क्रूस, हसरा चेहरा. दुसरे जाड चष्म्याचे सर, हसू बहुधा घरी ठेवून आलेले. निलमने "बों दिया" म्हटलं. बाईंनीही म्हटलं. मग तिने मला टेबलावर ठेवलं, टॉवेल काढला, आणि अकरा वर्षांपासून जे बटण दाबत आली ते दाबलं.

डफ वाजला. आणि मग मिराबाई गरजली.

निलमचा हात माझ्यावरच होता. त्याच हाताने तिने मला थांबवलं. तिने कॅसेट बाहेर काढून पाहिली. भोकांत वाळलेली कणीक. तिला सगळं उमगलं. सरांनी घड्याळाकडे पाहिलं. डी.एड.चा फॉर्म तिला समोर दिसत असणार.

कुतिन्यो बाईंनी पोर्तुगीजमध्ये विचारलं, "हे कोण गातंय?"

"माझी आई," निलम पोर्तुगीजमध्ये म्हणाली. पाठ केलेल्या भाषणात हे वाक्य नव्हतं.

"कशाचं गाणं आहे?"

निलमने श्वास घेतला. कॅसेट पुन्हा आत घातली आणि मला चालू केलं. एक ओळ वाजली की थांबवायची आणि पोर्तुगीजमध्ये सांगायची, पुन्हा एक ओळ, पुन्हा थांबवायची. गाणं असं होतं : आमचा तांडा धान्य लादून घाट उतरला, खाऱ्या पाण्याच्या गावी मीठ घ्यायला. नाक्यावर फिरंगी बसलेला. तो म्हणाला, माणसामागे पट्टी, म्हणजे कर, टाका, बैलामागे पट्टी टाका. हे ऐकलं आणि पुढचा बैल तिथंच नाक्यावर बसला. ओढला तरी उठेना, ढोसला तरी उठेना. मागचे शंभर बैल खोळंबले. फिरंग्याचा रस्ता बंद. तांड्याच्या नायकाची बायको, नायकीण, म्हणाली, ‘साहेब, चालत्या बैलाची पट्टी आमी देतो. बसलेला बैल तुमचा. आता तुमीच त्याला चारा घाला, तुमीच त्याला सांभाळा.’ फिरंग्याने कपाळाला हात लावला आणि...

इथे निलम अडली. गाण्यात पुढे फिरंगी त्या बैलाचं शेण काढतो. ‘शेण काढणे’ हे पोर्तुगीजमध्ये कसं म्हणायचं ते तिच्या कॅसेटींत कुठेच नव्हतं. तिने हाताने झाडू मारून दाखवला आणि नाक धरलं. चष्मेवाल्या सरांच्या तोंडून हसू फुटलं, इतकं जोरात की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

तेवढ्यात दार ढकलून मिराबाई आत आली. आपला आवाज तिने बाहेर ऐकला होता. "हे माझं गाणं काहून लावलं? आन् मधी मधी बंद काहून करून राहिली? चाल मोडती ना!"

निलमने खाली मान घातली. "याडी, काकानं माझ्या बोलण्यावर लेंगी भरली."

मिराबाईने कणकेकडे पाहिलं. गोळा तिनेच दिला होता. तिचा चेहरा उतरला, पण बाईंनी तिला खुर्ची दिली आणि विचारायला सुरुवात केली. पोर्तुगीजमध्ये प्रश्न, गोरमाटीत उत्तर, आणि मध्ये निलम, दोन्हीकडे तोंड करून. घाट कुठला? मिठाबरोबर काय आणत? "खोबरं," मिराबाई म्हणाली, "पवळं. आन् या कवड्या. माझी आजी म्हणायची, कवडी खाऱ्या पाण्यातनं येती." आता तुम्ही कसे आलात? "हिच्या काकाच्या ट्रकातनं. तूरडाळ लादून." आणि परत जाताना? "नारळ."

कुतिन्यो बाई खुर्चीला टेकल्या. "आमच्या जुन्या दप्तरांत नाक्यावरून गेलेले बैल सापडतात," त्या निलमला म्हणाल्या. "मिठाची पोती सापडतात. बैलांबरोबरची माणसं काय बोलली, कशाला हसली, ते मात्र कुठे सापडत नाही."

निलमने आईच्या कवड्यांकडे पाहिलं. इतकी वर्षं तिने ब्राझील पाहिला, अंगोला पाहिला, नकाशावर बोट ठेवून जहाजं कुठून कुठे गेली ते पाहिलं. जहाजातून उतरलेला माल घाट चढून कुणाच्या पाठीवरून आला, हे तिच्या पुस्तकात नव्हतं.

पण सरांपुढे नियम होता. चष्मा घालून ते म्हणाले, "सगळं ठीक. पण फाईलला पोर्तुगीज कॅसेट लागते. त्याशिवाय नाव पुढे जात नाही. हीच कॅसेट आहे ना? मग इथेच बोला, हिच्यावरच भरा."

निलमने ते मिराबाईला सांगितलं. आणि मित्रांनो, जी बाई ‘माशांशी बोलायचं का’ म्हणत होती, ती पटकन म्हणाली, "मंग पूस की माझं. गाणं काय, पुढच्या होळीला पुन्हा म्हनीन. तुझं भर. लवकर भर, साहेब खोळंबलेत."

निलमचं बोट लाल बटणावर आलं. कणीक जागेवरच होती, जीभ दबलेली होती, मी तयार होतो. तिने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग केसांतली हेअरपिन काढली आणि दोन्ही भोकांतली कणीक टोकरून बाहेर काढली, अगदी कणन् कण.

"हे पुसायचं न्हाई," ती आईला म्हणाली. मग सरांकडे वळून तेच पोर्तुगीजमध्ये म्हणाली. "नाव नाही गेलं तरी चालेल."

"येडी झाली का!" मिराबाई म्हणाली. "इतक्या लांब कशाला आलो मंग?"

सर उठले आणि बाहेर गेले. पायऱ्या उतरल्याचा आवाज आला, गाडीचं दार वाजलं, पायऱ्या चढल्याचा आवाज आला. त्यांनी टेबलावर एक कॅसेट ठेवली. जुन्या हिंदी सिनेमांच्या गाण्यांची, रोज गाडीत ऐकून ऐकून झिजलेली. तिच्या भोकांत त्यांनी स्वतः कागदाचा बोळा कोंबला.

"भरा," ते म्हणाले. "आणि बैलाचंच सांगा. शेणासकट."

कुतिन्यो बाईंनी तिला ‘शेण’ सांगितलं. निलम बोलली. पाठ केलेलं काही नव्हतं, त्यामुळे चुकली, अडखळली, पुन्हा बोलली, आणि मी माझ्या सैल पट्ट्यावर एकही अक्षर सुटू दिलं नाही. दुपारी भिंतीवर यादी लागली. वसरामने ती खालून वर वाचली, मग वरून खाली वाचली, आणि निलमचं नाव सापडल्यावर अख्ख्या पणजीला ऐकू जाईल असा हॉर्न वाजवला.

परतायच्या आधी मिराबाई म्हणाली, "समुद्र दाखवा." आम्ही मिरामारला गेलो. ती घागरा सावरत सरळ पाण्यात गेली. लाट आली, तिने ओंजळ भरली आणि तोंडात घातली. वसराम ओरडला, "भोजाई, पिऊ नको!"

मिराबाईने तोंड वाकडं केलं, थुंकली, आणि आमच्याकडे वळली. "खारट हाय," ती म्हणाली. "आजीनं खरं सांगितलं व्हतं." मग निलमला म्हणाली, "जूनला येताना मिठाचं लोणचं दिते. हितलं मीठ न्हाई, आपल्याकडचं."

"याडी, आपल्याकडचं मीठ हितूनच येतं."

"गप," मिराबाई म्हणाली आणि दुसऱ्या लाटेकडे चालू लागली.

मी वाळूवर टॉवेलात होतो. त्या दिवशी पोटात गेलेली वाळू आजही आहे, तिनेच माझी चाकं अडली. आता मी वाजत नाही. दुरुस्तीवाल्या सटवाजीने मला उघडून पाहिलं, मान हलवली आणि बंद केलं. निलम आता त्याच संस्थेत शिकवते. दर होळीला ती हातात मावेल असं एक यंत्र घेऊन तांड्यावर येते आणि म्हाताऱ्या बायकांची गाणी भरून घेते. त्या माझ्याशी जशा बोलायच्या तशाच तिच्या यंत्राला दरडावतात. मी कपाटावरून पाहतो. माझ्यावर धूळ असते, पण अपमान नसतो.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी पोटमाळ्यावर माझा एखादा भाऊ पडला असेल, तर त्याला भंगारात घालण्याआधी त्याच्या पोटात कॅसेट आहे का बघा. असली तर पेन्सिलीने फीत नीट गुंडाळा, कुठून तरी चालू टेप मिळवा आणि शेवटपर्यंत ऐका. समजलं नाही तरी ऐका. आवाज कुणाचा ते घरातल्यांना विचारा. ते माणूस अजून घरात असेल, तर त्याला म्हणावं, जरा जवळ बस, आणि पुढचं सांग.